हातचा एक

बाक परत आलं होडीतून, बेटावरून,
अकरा वर्षं समुद्राकडे तोंड करून बसलेलं.
राखाडी. पाठीवर शेवाळ, फटींत मीठ,
डाव्या हातावर पेल्यांची
एकात एक अडकलेली काळी वर्तुळं.

वार्सोनो मुकादमाने लवंगेची सिगारेट पेटवली,
खडूने फुली मारली.
"नवं करायचं. गुरुवारपर्यंत."

जेपारात सकाळी जुनं नवं होतं,
दुपारी नवं जुनं.
पलीकडच्या छपरात पोरं कोऱ्या खुर्च्यांना
सायकलच्या साखळीने झोडपतात,
चुन्याचं पाणी पाजतात,
खिळ्याने वाळवीची भोकं पाडतात.
दूरच्या कुठल्या घराला आजोबा हवे असतात,
तयार, कंटेनरमधून.

कास्मिरा सकाळच्या बाजूची.
आधी पाणी, मग मऊ कुंचा,
तोही रेघेच्या कलानेच.
आडवं घासलं तर लाकूड पिंजारतं,
भिजलेल्या मांजरासारखं रुसून बसतं.
जोराच्या पाण्याची नळी तिला खपत नाही :
"मऊ तेवढं खाऊन टाकते मेली,
मागे नुसत्या बरगड्या."
मग सावलीत वाळवणं, दोन दिवस, घाई न करता.
मग ऐंशीचा कागद, मग एकशेवीस,
मग दोनशेचाळीस,
आणि शेवटी तळहात,
ज्याला नंबर नाही.

सागाला इकडे जाती म्हणतात.
खऱ्याला, अस्सलाला, सेजाती.
राखाडी साय निघते, खालून मधाचा रंग येतो,
आणि वास :
नव्या चामड्याचा, किंचित मिऱ्याचा,
कापल्यावर अकरा वर्षांनीसुद्धा.

"तेल लावायचं?" नवी मुलगी विचारते, पुर्वांती.
"लावलंस की दरवर्षी लावत बसावं लागतं.
लाडावलेला जावई तो.
नाही लावलं तर पिकतो आपला आपण,
चंदेरी होतो.
लोकांना पिकणं आणि कुजणं
सारखंच दिसतं, त्याला काय करणार."
तरी डबा उघडते. गिऱ्हाइकाने तेल सांगितलंय.

तेवीस वर्षांत
तिच्या बोटांवरच्या रेघाही निघून गेल्यात.
सरकारी कचेरीत काचेवर अंगठा ठेवला
तर यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुन्हा.
पुन्हा.
कारकून वैतागून म्हणाला,
बाई, तुम्ही आहात ना नक्की?

एक कुसू ढिलं वाटलं
म्हणून बाक उलथं केलं दोघींनी.
खाली ऊन कधी गेलंच नव्हतं.
खालची फळी अजून काल रंधलेली असावी तशी,
आणि तिच्यावर पेन्सिल.
तिचेच आकडे, मागे झुकलेले सात.
इतकी बाकं, इतक्या खुर्च्या, वजा उचल,
बाजूला पोरीचं नाव,
दप्तर, बूट,
खाली दोन रेघा मारून बेरीज.

कास्मिरा बेरीज करते, ओठ न हलवता.
परत करते.
शतकाच्या घरात
हातचा एक धरायचा राहिला होता.

वार्सोनोने तेव्हा आकडा वाचला होता,
मान डोलावली होती,
आणि तेवढेच मोजून दिले होते.
बूट त्या वर्षी घेतले नव्हते.
पोरगी आता सेमारांगला असते, फोनवर भरभर बोलते,
तिला हे काही आठवत नसणार.

"हेपण घासू?" पुर्वांती कागद दुमडून उभी.

कास्मिरा अंबाड्यातली पेन्सिल काढते,
आकड्यांच्या डोक्यावर
बारीकसा एक लिहिते.
उत्तर तसंच ठेवते.
कुसवात डिंक भरते, खुंटी ठोकते,
बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने
वाळायच्या आत पुसते.

गुरुवारी वार्सोनो येऊन बाकावर बसून बघतो,
टेकून, मग कडेला सरकून,
सगळा भार एका बाजूला टाकून.

"डुगडुगत नाही," म्हणतो.

"नाही," ती म्हणते.